हिल्काला द्यायची किडनी

माझ्या बायकोच्या, हिल्काच्या, दोन्ही किडन्यांनी हात टेकले तेव्हा तिचा धाकटा भाऊ ताइस्तो म्हणाला, "माझी एक घे. मला दोन कशाला?" एवढं लांबलचक भाषण त्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, किडन्या ठणठणीत निघाल्या. फक्त कोलेस्टेरॉल चढलेलं. चढणारच. हा माणूस काळ्या पावाला लोणी लावत नाही, लोण्याला थोडा पाव लावतो. डॉक्टरीणबाईंनी स्टॅटिनची छोटी गोळी दिली, रोज एक. वसंतात परत रक्त बघू, मग ऑपरेशनची तारीख ठरवू, म्हणाल्या.

आता आमच्या सावो प्रांतातली एक खोड. डॉक्टरला पुन्हा काही विचारायचं म्हणजे त्यांचा वेळ खायचा, आणि दुसऱ्याचा वेळ खाणं आमच्यात चोरीहून वाईट. त्यामुळे ताइस्तोने कुणालाच विचारलं नाही. गणित स्वतःच मांडलं: एका गोळीने थोडं उतरतं, तर मूठभर गोळ्यांनी सगळंच उतरेल. बहिणीला द्यायचा माल चकचकीत हवा ना! स्वतःच्या संपल्यावर तो बायकोच्या, राइलीच्या, डब्यातल्या त्याच गोळ्या खायला लागला. राइलीला वाटलं, उंदीर झालेत. तिने डब्याशी सापळा लावला. त्यात ताइस्तोचं बोट सापडलं, तरी पठ्ठ्या काही बोलला नाही. बोटाला फडकं बांधून जेवायला बसला.

मग मांड्या, दंड, पाठ, सगळंच ठणकायला लागलं. अंगदुखीवर आमच्याकडे दोनच उपाय, लाकडं फोडायची आणि सौनात, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीत, घाम गाळत बसायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने दोन्ही केले. बर्चची लाकडं स्वतःची फोडली, माझीही फोडली, आणि शेजारी नको म्हणत असताना त्याचीही. नंतर सौनात एवढा बसला की मीच बाहेर पळालो. पाणी पुढे केलं तर मान हलवली. उद्या वजन करतात, म्हणे.

सकाळी लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची झाली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं: भरमसाट डोसाने स्नायूच विरघळायला लागले होते, त्यात ही मेहनत आणि हा घाम, आणि सगळा गाळ जाऊन किडन्यांत बसला. कोलेस्टेरॉल मात्र इतकं सुंदर आलं होतं की बाईंनी कागद पुन्हा एकदा बघितला. पुढे किडन्या सावरल्या, पण पुऱ्या नाहीत. आता त्याच्या दोन्ही त्यालाच लागणार होत्या.

हिल्का त्याच्या खाटेशी बसली होती. "अरे बाबा, मला किडनी हवी होती," ती म्हणाली. "पदक कुणी मागितलं होतं?"

"विचारायला हवं होतं," ताइस्तो म्हणाला.

आता डायलिसिसला तिला तोच नेतो. मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. त्याला डॉक्टरांनी दिवसभर पाणी प्यायला सांगितलंय, आणि तिला दिवसाला जेमतेम दोन कप. म्हणून तो बाटली दोन सीटांच्या मधे टोपीखाली लपवून ठेवतो आणि वाटभर कोरडा राहतो.

परवा मी मागे बसलो होतो. हिल्काने टोपी उचलली, बाटलीचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली.

"पी," ती म्हणाली. "आता दोन्ही तुझ्याच आहेत."

त्याने गाडी कडेला घेतली आणि प्यायला लागला. त्याचं पिऊन होईपर्यंत ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.