चाळीस हजार जणांची ॲलर्जी

ऑफिसात तिला सगळे ‘जन्मदाती’ म्हणत, कारण खोटी माणसं जन्माला घालणं हेच तिचं काम होतं. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला रुग्ण लागतात आणि खऱ्या रुग्णांच्या नोंदींना हात लावायचा नाही, असा नियम. म्हणून तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. बटण दाबलं की नाव, वय, वजन, रक्तगट असलेली हजारो माणसं रांगेत हजर. ना बाळंतपण, ना बारसं.

त्रास एवढाच, की दर पंधरा दिवसांनी वरून फर्मान यायचं आणि नोंदींच्या तक्त्यात नवा रकाना वाढायचा. मग तिची जुनी माणसं तक्त्यात बसेनाशी व्हायची आणि तिला प्रत्येकाला नवा अवयव चिकटवावा लागे. गेल्या खेपेचा रकाना होता ‘ॲलर्जी’, आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. ‘विचारलेलं नाही’ असाही एक पर्याय ठेवू या, असं तिने सुचवलं होतं. तिच्या टीमचे सर म्हणाले, फाटे फोडू नकोस. तिने मान डोलावली आणि दहातल्या नऊ जणांना ‘नाही’ देऊन टाकलं. उरलेल्यांना वाटायला ॲलर्जींची एक यादी केली. लांब मजकूर मावतो का ते बघायला त्या यादीत गंमत म्हणून ‘मांजरीचे केस, विशेषतः पांढऱ्या मांजरीचे’ असंही टाकलं. चाचण्या पास झाल्या.

महिन्याभराने सासूबाई गुडघा दाखवायला मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या. बारा वर्षांची पांढरी मांजर नेहमीसारखी त्यांच्या पायावर पसरली होती.

“अगं, डॉक्टर म्हणतात हिला घरातून घालवा,” त्या म्हणाल्या. “मला म्हणे हिची ॲलर्जी आहे. मलाच माहीत नाही बघ. कागदावर लिहून दिलंय.”

तिने हसत कागद घेतला. वाचला. ॲलर्जीपुढे छापलं होतं, ‘मांजरीचे केस, विशेषतः पांढऱ्या मांजरीचे’. जगात ते वाक्य तिच्याशिवाय कुणीही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी काही लपवलंसुद्धा नाही. ते वेफर्स खात होते आणि तेलकट बोटं पँटला पुसत होते. त्या दवाखान्याच्या जुन्या चाळीस हजार रुग्णांचा ॲलर्जीचा रकाना कोराच होता, नवा तक्ता कोरं काही घेईना, काम अडलं, दवाखाना पाठी लागला. मग त्यांनी तिचाच प्रोग्रॅम खऱ्या नोंदींवर चालवला. तुझी माणसं सगळ्या चाचण्या पास होतात, मग बिघडलं कुठे, असं त्यांनी वर तिलाच विचारलं. तिला त्या बोटांची शिसारी आली.

मांजर राहू दे एकीकडे. ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं अशा छत्तीस हजार जणांपुढे कॉम्प्युटर छातीठोकपणे ‘नाही’ म्हणत होता. कोरा रकाना बघून नर्स निदान विचारते तरी. ‘नाही’ दिसलं की ती सुई टोचून मोकळी होते.

“सगळं पुसा, सर. आणि दवाखान्याला कळवा.”

“मांजरीवाल्या ओळी काढतो,” सर हसत म्हणाले. “बाकीचं कुणाला कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

ती जागेवर येऊन बसली. त्या तेलकट हसण्याची किळस येत होती, त्याहून जास्त स्वतःची. प्रोग्रॅम सरांनी चालवला, पण ते ‘नाही’ तिच्या हातचं होतं. डोलावलेली मानही तिचीच. तिने नोंदी तपासल्या. या महिन्याभरात डॉक्टरांनी जेमतेम हजार नोंदी स्वतः बदलल्या होत्या. एकोणचाळीस हजार नोंदींना त्यानंतर कुणीही हात लावलेला नव्हता.

सरांना पुन्हा विचारायला गेली असती तर उत्तर ठरलेलंच होतं. परस्पर दवाखान्याला कळवलं तर नोकरी राहणार नाही हेही ठरलेलंच. ती लॅपटॉप घेऊन जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि तिने दवाखान्यात फोन करून मोठ्या सिस्टरला बोलवायला सांगितलं. सिस्टर घाईत होत्या. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, की ॲलर्जीच्या रकान्यातलं काहीही खरं धरू नका, ते चाचणीसाठी बनवलेलं होतं.

“आम्ही महिनाभर त्यावरच इंजेक्शनं देतोय,” सिस्टर म्हणाल्या. “हे लिहिलंय कुणी?”

जिभेवर आलं होतं सरांचं नाव.

“मी,” ती म्हणाली.

“मग फोन ठेवू नका. आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई आहेत. त्यांच्या नोंदीचा नंबर देते, त्यातला ॲलर्जीचा रकाना तुमचा आहे का एवढं सांगा.”

सिस्टरांनी सावकाश, एकेक आकडा सांगितला. तिने मांडीवरच्या लॅपटॉपवर तो टाइप केला. नोंद उघडली. रकान्यात ‘नाही’ होतं आणि त्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

“माझा आहे,” ती म्हणाली, पण उत्तराची वाट न बघता सिस्टर फोन तसाच टाकून केव्हाच धावत सुटल्या होत्या.