सात नंबरची विहीर

मित्रांनो, फार वाकू नका, कठड्याचे दगड सुटलेत. मी एक जुनी विहीर आहे. सावद्याजवळच्या केळीच्या मळ्यात माझा मुक्काम. कठड्यावर पांढऱ्या रंगात सातचा आकडा आहे, पुसट झालाय. आता इकडे क्वचितच कोणी फिरकतं, म्हणून तुम्हाला मुद्दाम दाखवते.

या मळ्याचे मालक गिरधरनाना. त्यांच्या वडिलांनी मला नव्वद फूट खणलं. माझ्या जिवावर या घरातली लग्नं जमली. आमच्याकडे सोयरीक बघायला आलेली मंडळी मुलाचा चेहरा नंतर बघतात, आधी विहिरीत वाकतात. काय तोऱ्यात असायची मी तेव्हा!

चौऱ्याऐंशी साली भूजल मोजणारे अभिमनभाऊ आले आणि त्यांनी मला सात नंबर दिला. वर्षातून चारदा ते फीत सोडत आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहीत. अशा मोजणीवरूनच कुठल्या गावचं पाणी आटतंय ते कळे, आणि तिथल्या नाल्यांवर पाणी जिरवायचे बांध आधी होत.

पुढे केळी वाढली, मोटरी वाढल्या. नव्वद साली मी आटले. नानांनी शेजारीच बोअर मारली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. पारवे सोडले तर सोबतीला कोणी उरलं नाही. फार एकटं वाटायचं हो.

पण मोजणीला येतोय असं अभिमनभाऊंचं कार्ड आलं, की नानांची धावपळ सुरू! मोजणारा पाहुणा येणार आणि आपली विहीर रिकामी? दोन दिवस ते बोअरचं पाणी माझ्यात सोडत. भाऊंची फीत ओली होई, नाना मिशीवरून हात फिरवत. वहीत आमच्या गावाला पाणी भरपूर, म्हणून बांध दुसऱ्या गावांना मिळत. इकडे बोअरचं पाणी दर उन्हाळ्यात खाली जात होतं. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण सांगणार कशी?

त्र्याण्णवच्या जानेवारीत भाऊ फीत पुसता पुसता थबकले. एवढ्या थंडीत फीत कोमट लागली, जमिनीच्या खूप खोलातून नुकतंच उपसलेलं पाणी लागतं तशी.

"नाना, हे पाणी कुठलं?"

नाना केळीकडे बघत राहिले. त्यांची बायको सुमनबाई चहा घेऊन आली होती. तिने किटली कठड्यावर ठेवली.

"बोअरचं हाये, भाऊ. तीन वर्सांपासून या विहिरीत टिपूस नाही."

"येडी झाली का तू? चार माणसांत इज्जत घालवते!" नाना खेकसले.

"इज्जत पिऊन केळी जगते का? बोअरबी आटून राह्यली. लिहा भाऊ, कोरडी."

भाऊंनी मागचे आकडे खोडले. दोन वर्षांनी आमच्या नाल्यावर बांध झाले. उताराच्या विहिरींना पाणी आलं, नानांची बोअर तगली. मी चढावर, मला काही आलं नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा भाऊ पुन्हा आले. नेमके त्याच वेळी नानांच्या नातवाची सोयरीक बघायला पाहुणे आले होते आणि रिवाजाप्रमाणे माझ्यात वाकले होते. फीत तळाला टेकली, सुकीच वर आली. नानांनी टोपी सारखी केली आणि पाहुण्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "लिहा भाऊ, कोरडी."

मित्रांनो, तुमच्याही गावात फीत घेऊन कोणी येईल. त्याला आहे तेच दाखवा. मी रिकामी आहे, एकटी आहे, पण वहीत आता माझं खरं लिहिलेलं आहे.