इत्सुकोआजींनी घासलेली तलवार

मी जपानातल्या सेकी शहरातली तलवार बोलतेय. दबक्या आवाजात बोलतेय, कारण तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात, हे मला अजून कळलेलं नाही. संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. गोड बोलणाऱ्यांचा तर मला जास्तच येतो.

माझा जन्म इथल्याच एका भट्टीतला, चारशे वर्षांपूर्वीचा. लोहाराने मला तापवलं, दुमडलं, बडवलं आणि शेवटी मुठीत दडणाऱ्या दांड्यावर छिन्नीने स्वतःचं नाव कोरलं. तलवारीचं पातं उजळायचं असतं, पण त्या दांड्यावरच्या काळपट गंजाला कोणी हात लावायचा नसतो. तो गंज पाहूनच जाणकार आमचं वय ओळखतात. तलवारवाल्यांना हे सांगावं लागत नाही, आणि इतरांना कोणी सांगत नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

माझे शेवटचे मालक तोकुझो. खाली त्यांच्या बायकोची, इत्सुकोआजींची, वाम मासे भाजून देणारी खानावळ. वरच्या खोलीत मी आणि शाईने काढलेली चार चित्रं. तोकुझो मला लवंगेच्या वासाचं तेल लावायचे, पण बायकोला जवळ फिरकू द्यायचे नाहीत.

“तुझ्या हातांना मासळीचा वास येतो,” ते म्हणायचे.

“आणि त्याच हातचं दोन वेळा गिळता, तेव्हा नाही येत?” आजी जिन्यातून ओरडायच्या.

मागच्या थंडीत तोकुझो गेले. आजींनी एकदा माझी मूठ उघडली आणि कपाळाला हात लावला. “अगंबाई! म्हातारपणी ह्यांना दिसतच नव्हतं. केवढा गंज राहून गेलाय!”

सुरीवर डाग दिसला की जेवण न जाणारी ती बाई. बसली घासायला. मी आतल्या आत किंचाळत होते. त्या मात्र रडत होत्या आणि घासत होत्या. “आता बघा, तुमची लाडकी कशी लख्ख केलीय!” दांडा चकाकला. लोहाराचं नाव जवळजवळ गेलंच. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आला तो कळवळाच.

तेव्हापासून मला एकच धास्ती. कोणीतरी मूठ उघडेल आणि आजींना सांगेल, की नवऱ्याने जन्मभर जपलेलं तुम्ही आपल्या हाताने घालवलंत.

परवा सागारा नावाचे गृहस्थ आणि त्यांची बायको मियोको वर आले. पाहुणे दूरच्या सेंदाई शहराचे. हातात सेकीचा नकाशा, तलवारी आणि चित्रं जिथे जिथे बघायला मिळतात तिथे तिथे लाल खुणा.

“अहो, कालपासून तलवारीच तलवारी!” मियोकोबाई धपकन खाली बसल्या. “घरातल्या सुरीला कधी धार लावून दिली नाहीत.”

सागारांनी चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट माझ्यासमोर वाकून नमस्कार केला. माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढा नम्र माणूस दलालच असणार.

“आजी, हातात घेऊन बघू का?”

“बघा की! मूठही उघडा. आतून तर आणखी छान आहे.” आजी कौतुकाने दारातच उभ्या राहिल्या.

झालं, म्हटलं, आता सगळं संपलं.

सागारांनी घडी घातलेला कागद दातांत धरला. श्वासाची वाफ पात्यावर पडू नये म्हणून आमच्याकडे असा कागद धरतात. बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली. आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी तो चकाकता दांडा पाहिला, मग आजींकडे पाहिलं.

“काय झालं? बोला ना!” मियोकोबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटाने तोंडातला कागद दाखवला. सावकाश मूठ बसवली, खुंटी ठोकली, मला म्यानात घातलं. तोवर कागद काही काढला नाही.

“आत गंज होता हो नुसता,” आजी म्हणाल्या. “सगळा मी काढला. ह्यांना आवडलं असतं ना?”

सागारांनी कागद खिशात ठेवला. “आजी, पुष्कळ तलवारी पाहिल्या. पण इतक्या मायेने घासलेली मी आजवर पाहिली नाही.”

आजींनी पदराने पुसावेत तसे एप्रनने डोळे पुसले आणि दोघांना जेवायला खाली नेलं.

जाताना रस्त्यावरून मियोकोबाईंचा आवाज आला, “खरं सांगा, काय पाहिलंत?”

“आधी कोपरा तर वळू दे,” सागारा म्हणाले.

कोपऱ्यापलीकडचं मला ऐकू आलं नाही. म्हणून थोडा संशय अजून आहेच. तुमचाही आहे. तुम्ही जाणकार असाल, तर मूठ उघडा, हवं तेवढं बघा. फक्त तोंडातला कागद घाईने काढू नका. आजी दारातच उभ्या असतात.