बिरुदेवाचा ओटा

“अवं, त्या लिंबाला पालवी फुटली. तुमास्नी कदी फुटायची?”

मायाक्का तव्यावरची भाकरी उलटत दारातून ओरडली. बाहेर ओट्यावर तिचा नवरा बिरुदेव मांडी घालून बसला होता. हातात विडी नाही, मोबाइल नाही, डोळ्यांवर झोपही नाही. दुपारचं जेवण झालं की हा माणूस तासभर नुसता बसायचा आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मायाक्काचे हात पहाटेपासून चालत. कडक भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, वाळवायच्या आणि नवी पेठेतल्या दुकानांत पोचवायच्या. तिच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची होती, एक काम करणारी आणि दुसरा बिरुदेव. तो सकाळी बाजारात हमाली करतो, संध्याकाळी पाणी भरतो, हे ती हिशेबातच धरत नसे.

मंगळवेढ्याकडची मेंढरं विकून त्यांना सोलापुरात येऊन सात वर्षं झाली होती. तरी त्याचं उत्तर तेच.

“मेंढरं दुपारची बसत्यात. रवंथ झाल्याबिगार उठवली, तर खाल्ल्यालं अंगी लागत न्हाय.”

“मेंढरं इकली की! आता तुमी कसला रवंथ करताय?”

बिरुदेव हसायचा. ते हसणं तर तिच्या डोक्यातच जायचं.

त्यात पोरगीही बापाच्या वळणावर गेली. राजनंदिनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजातून आली की दप्तर आत टाकून ती बापाशेजारी टेकायची. बराच वेळ दोघंही समोरच्या लिंबाकडे बघत बसायची. मग कधीतरी ती हळूहळू बोलू लागायची. वॉर्डातली एक म्हातारी तिच्या हातात हात असतानाच गेली, हे तिनं तिथंच सांगितलं. “लई भ्या वाटलं आप्पा, पर हात सोडला न्हाय,” ती म्हणाली. मायाक्कानं आतून ऐकलं आणि पीठ मळता मळताच हाक दिली, “बोलून झालं आसंल तर भाकऱ्या बांध.”

शेवटी मायाक्कानंच बंदोबस्त केला. नवी पेठेत साड्यांचं दुकान चालवणाऱ्या अनिलकुमारांना दारावर माणूस हवा होता.

“आम्ही खुर्ची देत नाही हं,” ते म्हणाले. “बसलेला माणूस दिसला की गिऱ्हाइकावर छाप वाईट पडते.”

“लई ब्येस,” मायाक्का म्हणाली. “अजाबात दिऊ नगा.”

बिरुदेव निळा सदरा घालून निमूट जाऊ लागला. रिकाम्या ओट्यावर तिनं भाकऱ्यांच्या पाट्या मांडल्या. जागा एकदाची कामी आली, म्हणून ती खूश होती.

आठ महिने गेले. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी जेवून उठल्यावर बिरुदेव दारातच उभा राहिला.

“काय काम हाय का?”

काम नव्हतं. त्यानं चांगला नळ पुन्हा आवळला. रचलेली लाकडं पुन्हा रचली. राजनंदिनी भिंतीला टेकली होती, तिच्याकडे त्याची नजर गेली.

“रिकामी कशापायी बसलीस? ऊठ.”

पोरगी उठून आत गेली. हल्ली ती बोलतच नसे. काय झालं विचारलं, तर “कुटं काय” म्हणायची. मायाक्काची भाकरी तव्यावर करपली. नवऱ्याच्या तोंडचं बोलणं तिचं स्वतःचंच होतं, शब्दन् शब्द, तोच तिरसट सूर. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या तोंडाचा संताप आला.

तिनं पाट्या उचलल्या, ओटा झाडला.

“अवं, बसा की जरा.”

तो बसला. दोन मिनिटांत उठला.

“काय झालं? पाय दुकत्यात व्हय?”

“न्हाय. बसलं की कायतरी इसरल्यागत वाटतंय.”

आणि आत जाऊन तो भाकऱ्या बांधू लागला.

मायाक्का त्याच्या जागेवर बसली. समोर लिंब होता. इतक्या वर्षांत तिनं तो असा कधी पाहिलाच नव्हता.

“राजे, ये हितं.”

पोरगी दारात आली. “काय काम हाय?”

“काय न्हाय. बस.”

राजनंदिनी जरा बिचकतच टेकली. आतून भाकऱ्या बांधायच्या कागदाची सळसळ ऐकू येत होती. मायाक्काचे हात मांडीवर पडले होते आणि काही नसताना थापतच होते. तिनं एक हात दुसऱ्याखाली दाबून धरला आणि तशीच बसून राहिली.