देवमन गुरुजींच्या सात कॅसेटी

देवमन गुरुजी गेले आणि इंदूबाईंनी अन्न टाकलं. महिन्याभरात बाई निम्मी झाली. तेव्हा त्यांची लेक पायल अमरावतीच्या कंपनीत परक्यांसाठी जे करायची, तेच तिनं घरासाठी केलं. गुरुजींची कॅसेटींवरची चाळीस वर्षांची भाषणं, पत्रं, फोनवरचं बोलणं, सगळं तिनं यंत्राला शिकवलं आणि एक डबा अकोल्याच्या घरी फळीवर आणून ठेवला. डबा गुरुजींच्या आवाजात बोलायचा, आणि त्यांच्यासारखाच विचार करून उत्तर द्यायचा. पहिलंच वाक्य होतं, "इंदू, जेवली काय?" इंदूबाई जेवल्या.

चौथ्या दिवशी डबा म्हणाला, "इंदू, मी मेलो. हे जे बोलून राहिलं ते मी नाई. बंद करून टाक."

आता यात यंत्राचा काय दोष? गुरुजी जन्मभर हेच सांगत आले होते. विहारात वंदना झाली की ते उभे राहायचे आणि म्हणायचे, मेल्यावर आत्मा उरत नाही, मेलेल्यासमोर ताट वाढू नका, जित्या भुकेल्याला वाढा. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेताना जे सोडलं, ते घरात परत शिरू नये म्हणून ते सख्ख्या भावाशी भांडले होते. पण त्या एका वाक्यानं आईचा चेहरा असा उतरला की पायलला पाहवेना. मेल्यावर काय उरतं, यावर गुरुजींच्या सात कॅसेटी होत्या. तेवढ्या तिनं यंत्राच्या शिकवणीतून काढून टाकल्या. आईच्या जिवासाठी केलं, अशी स्वतःची समजूतही घातली.

मग डबा गोड बोलू लागला. "मी हाये ना इथं," म्हणू लागला. इंदूबाईंनी आधी त्याच्यापुढे फूल ठेवलं, मग सकाळचा चहा. शेजारची शकुन पोरीच्या सोयरिकीचं डब्याला विचारायला येऊन बसू लागली. पायल सगळं हसण्यावारी नेत राहिली, पण विहारात बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची तिची हिंमत होईना.

वर्ष भरलं. दुपारी विहारात गुरुजींच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन होतं. पायल सकाळी घरी पोचली, तर डब्यासमोर ताट वाढलेलं. वरणभात, वांग्याची भाजी, पुरणाची पोळी. बाजूला आई उपाशी बसलेली.

"आई, हे काय?"

"त्यायच्या आंधी मी कशी खाऊ? पायल, तुये बाबा चुकले होते वं. मानूस उरते. आज विहारात सगळ्यायले सांगतो मी."

 बाबांच्याच तोंडून पायलनं बाबांना खोटं पाडलं होतं. कॅसेटी परत घातल्या तर आई पुन्हा अन्न टाकेल, ही भीती तर होतीच. तरी तिनं लॅपटॉप उघडला. सातही कॅसेटी परत घातल्या.

इंदूबाई डब्याला म्हणाल्या, "ताट वाढलं, जेवा." डबा म्हणाला, "इंदू, हे ताट काहून वाढलं? मी कुठंच नाई. भूक तुले लागली हाये, तू जेव."

इंदूबाई रडल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "चौथ्या दिवशी असंच बोलले होते. मंग कधीच नाई. तूच गप केलं ना त्यायले?"

"हो. तू जेवत नव्हती, आई."

"गावानं पानी बंद केलं तरी तुया बाप गप नाई झाला. भावानं बोलनं टाकलं तरी नाई. तू केलं त्यायले गप."

 इंदूबाई उठल्या आणि त्यांनी डब्याचं बटण बंद केलं.

"अन् मले तवाच समजलं होतं," त्या डब्याकडे बघतच म्हणाल्या. "मले गोड लागलं, म्हनून मी बोलली नाई."

त्यांनी ताट ओढलं, पोळीचे दोन तुकडे केले, एक लेकीपुढे सरकवला. पायलनं तो हातात धरून ठेवला.

"विहारात काय सांगशील?" तिनं विचारलं.

"आपन दोघीनं काय केलं ते. तू सांगजो, मी बाजूले उभी राहीन. आता जेव."