जाऊबाईंचं वजन

थोरलीला पाण्याचा तिटकारा होता आणि धाकटीचा त्याहून जास्त. तरीही दर रविवारी ती या धाकट्या जावेच्या शिडाच्या होडीत बसायची, नव्हे, होडीच्या काठाबाहेर अर्धं अंग लटकवून लोंबायची. हौस म्हणून नाही. नोकरीसाठी.

थोरली रुग्णवाहिकेवर मदतनीस होती. स्ट्रेचरचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात, दुसरं तिच्या, अशी कित्येक वर्षं गेली. पण वर्षागणिक अंग सुटत गेलं, आणि एकदा एका म्हाताऱ्याला नेताना अर्ध्या जिन्यात तिला अशी धाप लागली, की स्ट्रेचर खाली टेकवून ती पायरीवरच बसली. म्हाताऱ्याला काही झालं नाही. तिला मात्र फोनवर बसवलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत भरलं स्ट्रेचर चौथ्या मजल्यावर नेऊन, न थांबता परत आणून दाखव, मग बघू, असं साहेब म्हणाले. दुसरं टोक ड्रायव्हर धरणार, आणि तो हो म्हणाला तरच तिला परत गाडीवर घेणार. नाहीतर जन्मभर कानाला फोन. तिला त्या फोनचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

"होडीत चला माझ्याबरोबर," धाकटी म्हणाली होती. "घरात बसून काय, जिना थोडाच लहान होणार आहे?"

धाकटीचं चष्म्याचं दुकान होतं, अंगाने ती काडी, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यात 'जाऊबाई' आणि प्रत्येक 'जाऊबाई'त एक टाचणी. सासू होती तोवर दोघी एका स्वयंपाकघरात मूग गिळून वावरल्या. सासू गेली आणि दोघींची तोंडं सुटली. त्यामुळे या आमंत्रणाचं थोरलीला नवलच वाटलं. पण व्यायामशाळेतल्या आरशांपेक्षा धाकटी परवडली, असं म्हणून ती गेली.

पहिले काही रविवार तिचे हाल कुत्रा खाईना. तळाशी बांधलेल्या पट्ट्यांत पावलं अडकवायची, काठावर बसायचं आणि पाठ पाण्याच्या बाजूला झोकून द्यायची, म्हणजे वाऱ्याने शीड दाबलं तरी होडी कलंडत नाही. सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी धाकटीकडे, पुढच्या शिडाची दोरी थोरलीच्या हातात. पोटाला पीळ पडायचा, तळहात सोलून निघायचे, नाकातोंडात खारं पाणी जायचं, आणि मागून सारखं सुरू, "बाहेर, जाऊबाई. अजून बाहेर. लाजू नका."

पण शरीराला भांडण कळत नाही. हळूहळू तिचे दंड घट्ट झाले, श्वास लांबला, गाडीवरचा जुना गणवेश कमरेला ढगळ व्हायला लागला. घराचा जिना ती पिशव्यांसकट एका दमात चढायला लागली. नवरा कौतुक करत होता. धाकटी मात्र दिवसेंदिवस आंबट होत गेली.

एकदा होड्यांच्या क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "उभ्या राहा बघू."

थोरली उभी राहिली. आता तरी एखादा बरा शब्द निघेल, असं तिला खरंच वाटलं, वेडीला. धाकटीने काट्यावरचा आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सत्यानाश केलात. शर्यत आहे जोराच्या वाऱ्याच्या दिवसांत. मला भारी माणूस हवं होतं, जाऊबाई. बारीक बाया काय, ढिगाने मिळाल्या असत्या."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आपण एवढे दिवस धोंडा होतो. आमंत्रण धोंड्याला होतं.

शर्यतीच्या सकाळी धाकटीने बादली पुढे केली. तीन लोकरी स्वेटर पाण्यात बुडवलेले. "हे घाला आतून. तेवढंच वजन."

"पाण्यात पडले तर बुडेन मी यात. आणि उद्या माझी परीक्षा आहे."

"परीक्षेपर्यंत आणलं कोणी तुम्हाला?"

हे खरं होतं, आणि तेच थोरलीला जास्त झोंबलं. अंगातली सगळी ताकद या बाईच्या होडीत मिळालेली होती. स्वेटर तिने बादलीतच ठेवले, पण होडीत जाऊन बसली.

वारा पिसाळलेला होता. शर्यतीत त्या तिसऱ्या होत्या, मग दुसऱ्या झाल्या. धाकटीच्या डोक्यात मात्र अजून गेल्या वर्षीची जाऊबाई होती. मोठा झोत आला तेव्हा शीड सैल सोडायचं सोडून तिने दोरी आवळूनच धरली, जणू काठावर अजून तेवढाच ऐवज लटकतोय. थोरली कमरेपासून ताणून पार आडवी झाली. उपयोग झाला नाही. होडी उलटली, आणि उलटताना धाकटीचा पाय पट्ट्यात अडकून मोडला.

बचाव-लाँचने दोघींना धक्क्यावर आणलं. ओहोटी होती, वर रस्त्यापर्यंत उंच, अरुंद दगडी पायऱ्या. रुग्णवाहिका आली आणि स्ट्रेचर घेऊन उतरला तो तिचाच ड्रायव्हर. त्याच्या नव्या जोडीदाराने धाकटीला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं आणि डोक्याकडचं टोक धरायला हात पुढे केला, तर थोरलीने त्याला बाजूला सारलं.

"मी घेते," ती म्हणाली. उद्याचं आजच बघू दे याला.

ती चढायला लागली. ओल्या कपड्यांतही पाय कसे ठाम पडत होते. छातीत ना कळ, ना धाप. इतक्या महिन्यांत ती मनापासून खूश झाली ती या पायऱ्यांवर.

"जाऊबाई, थांबा," धाकटी म्हणाली. "पाय सरकलाय पट्ट्यातून."

थोरली पुढची पायरी चढली.

"थांबा ना जरा. दुखतंय मला."

"थांबायचं का?" खालून ड्रायव्हरने विचारलं.

"नको. आलंच."

तिसऱ्यांदा धाकटीने 'जाऊबाई' म्हटलंच नाही. नुसतं "थांब" म्हणाली, आणि मग रडायला लागली. थोरली सरळ वर जाऊन थांबली.

ड्रायव्हरने धाकटीचा पाय नीट बांधला, तिला आत सरकवलं आणि मग थोरलीकडे वळला. "का नाही थांबलीस?"

"मला दम लागला नव्हता."

"तुला नव्हता," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. "उद्या येऊ नकोस. फोनवरच बस."