दुसरा ब्रेक

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. बायकोला मात्र सगळ्यात शेवटी, तेही तिने हट्टच धरला म्हणून. शिकवणीच्या त्या गाडीत दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा डावीकडे बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी, आणि दोन्ही आतून जोडलेले. मास्तरांनी आपला दाबला की चालवणाऱ्याचाही आपोआप खाली जायचा. लायसन्स मिळून कैक वर्षं लोटली, तरी तिच्या पायाखालचा ब्रेक असाच पळत राहिला. वळण दिसलं रे दिसलं, की तिच्याआधी मास्तरांचा पाय हजर.

मध्यंतरी मास्तरांचं मोठं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. थोडं धूसर दिसतं, एवढंच ते घरात सांगायचे. पुढे विचारलं की तोंडाला कुलूप. गाडी शिकवायचा क्लास आता मी चालवते, असं ती म्हणाली, तेव्हा ते नुसते हसले आणि दुसऱ्याच दिवशी गाडीला गिऱ्हाईक बघून मोकळे झाले. सोमवारी तो गाडी न्यायला येणार होता. ते हसणं तिला फार लागलं.

रविवारी नणंदेकडे जायचं होतं. तिने किल्ली उचलली आणि पैज लावली. पोहोचेपर्यंत मास्तरांनी एकदाही ब्रेक दाबला नाही, तर गाडी घरीच राहणार आणि क्लास ती चालवणार. एकदा जरी दाबावा लागला, तर खुशाल विका, ती चकार शब्द काढणार नाही. एक्स्प्रेस-वेवर ब्रेक लागतोच कुठे, असं मास्तर म्हणाले. मग जुन्या रस्त्यानेच जाऊ, असं ती म्हणाली. तसाही तो रस्ता तिच्या आवडीचा होता, पण वेळ वाया जातो म्हणून मास्तर त्याच्या वाटेला जात नसत.

रस्ता डोंगराला बिलगून वर चढत होता. दोन्ही बाजूंची झाडं डोक्यावर एकमेकांना भिडली होती, मधूनच ऊन सांडत होतं. एरवी ती हरखून गेली असती. आज तिचा सगळा जीव उजव्या पायात गोळा झाला होता. समोरून लाकडं भरलेला ट्रक आला तेव्हा ब्रेक आता खाली जाणार, आता जाणार, असं वाटत राहिलं. तो गेला नाही. तिने गाडी कडेला घेतली, ट्रक निघून गेला.

चढ संपला आणि डाव्या हाताला तलाव उघडला, निळा आणि शांत. तिला राहवलं नाही. बघा तरी, असं तिने सांगितलं. मास्तरांनी मान जेमतेम हलवली आणि छान आहे म्हणाले, नाकासमोर बघतच. हरण्याची धास्ती पडली असेल, तिने मनात म्हटलं. तिला रागही आला आणि थोडं बरंही वाटलं.

पुढे उतार होता. डावीकडे बागेची दगडी भिंत, तिला मध्येच एक खिंडार. त्या खिंडारातून गवताच्या भाऱ्यांनी लादलेली सायकल अचानक रस्त्यावर आली, ढकलणारा माणूस भाऱ्यांमागे पार झाकलेला. तिने ती पाहिली आणि तिच्या पायाने इतक्या वर्षांत जे केलं तेच केलं. पाय थांबून राहिला. ब्रेक आपोआप खाली जायचा होता.

तो गेला नाही.

मग तिने सगळं अंग टाकून ब्रेक दाबला. गाडी घसरत, किंचाळत थांबली, सायकल डाव्या दिव्यापासून हातभर अंतरावर. माणूस दचकला, तोल गेला, एक भारा सुटून मास्तरांच्या दारापाशी पडला.

तिचं डोकं भणाणलं होतं. पैजेपायी एका माणसाचा जीव गेला असता. ती तावातावाने मास्तरांकडे वळली.

मास्तर शांतपणे समोर बघत होते. "का थांबलीस?" त्यांनी विचारलं. "रस्ता तर मोकळा आहे."

त्यांच्या खिडकीबाहेर, दोन हातांवर, तो माणूस वाकून भारा उचलत होता. तिचा राग जागच्या जागी विझला. तिने गाडी बंद केली.

"अहो, डावीकडचं काहीच दिसत नाही का तुम्हाला?"

"दुखण्यापासूनच," मास्तर म्हणाले. "तू चालवणार, आणि मला वेळेवर ब्रेक दाबता येणार नाही. म्हणून विकायला काढली. आज निघाल्यापासून पाय ब्रेकवरच आहे माझा. पैज गेली खड्ड्यात."

तिने खाली पाहिलं. पाय खरंच तिथे होता. तिला रडू आलं, पण रडत गाडी चालवायची नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. तिने डोळे पुसले आणि त्या माणसाची माफी मागितली. गिऱ्हाइकाला मी फोन करते, एवढंच मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तलाव केवढा आहे गं?"

"येताना याच रस्त्याने येऊ," ती म्हणाली. "तेव्हा तो उजवीकडे असेल."

मास्तरांनी पाय ब्रेकवरून काढला आणि जवळ ओढून घेतला.